सात रस्त्यांपैकीं कोणता?

सोलापुरांत सात रस्ता नांवाचा जो चौक आहे, तो प्रेक्षणीय म्हणून कोणी पाहावयास जात नाहीं. जवळ शासकीय विश्रामगृह आणि सर्व बाजूंनीं येणारीं वाहनें, एवढेंच त्याचें वैभव. परंतु जुन्या गांवांतून दक्षिणेकडे निघालेला माणूस येथें आला, कीं त्याच्यापुढें शहराचा नवा विस्तार सुरू होतो. पुढें एका बाजूस विजापूर रस्ता, दुसऱ्या बाजूस होटगी रस्ता. पाठीमागें रंगभवन, सदर बझार आणि लष्कर. एका अंगास रेल्वे लाइन्स. पेठेंत वाढलेलीं किती तरी कुटुंबें रविवारच्या सायंकाळीं याच चौकांतून जागा पाहावयास गेलीं आहेत. जातांना गाडींत बोलणें चालतें तें दराचें, चौरस फुटांचें आणि बँकेच्या हप्त्याचें. घरांतील म्हातारें माणूस मागच्या आसनावर बसून खिडकीबाहेर पाहत असतें. त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. चूक तेथेंच होते.

असें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. चाटी गल्लीच्या आसपास वडिलोपार्जित माळवदाचें घर. घरांत सहा माणसें. थोरल्या मुलाचें नव्या पेठेंत कापडाचें दुकान आहे, धाकटा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत नोकरीला जातो, सून शाळेंत शिकविते, नात कॉलेजांत आहे, नातू आठवींत आहे, आणि या सर्वांच्या वर पंचाहत्तरीची आई. घर थंड आहे, बाजार दाराशीं आहे, सिद्धेश्वराचें देऊळ आईच्या पायांच्या टप्प्यांत आहे. तरी घर सोडावयाचें ठरतें, आणि त्याला कारण चैन नव्हे. एका रात्रीं आईच्या छातींत कळ आली. बोळांत गाडी शिरेना. दोन्ही मुलांनीं तिला खुर्चीवर बसवून हमरस्त्यापर्यंत उचलून नेलें. त्या रात्रीचें निभावलें. परंतु दुसऱ्या दिवसापासून सुनेनें वर्तमानपत्रांतील जागांच्या जाहिराती कापून ठेवावयास आरंभ केला. शिवाय चुलत्यांशीं वाटणीचें बोलणें निघालेलें होतेंच.

गांवाबाहेर राहावयास जाणें सोलापूरला नवें नाहीं. १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोच्या फौजेनें सोलापूर घेतलें. त्यानंतर इंग्रजांची छावणी गांवाबाहेर पडली, आणि लष्कर व सदर बझार हीं नांवें तिचीच खूण म्हणून राहिलीं. १८६० मध्यें रेल्वे आली आणि तिच्याबरोबर रेल्वे लाइन्सची वस्ती आली. १८७७ मध्यें पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढें ती ‘जुनी मिल’ या नांवानेंच ओळखली जाऊं लागली. गिरण्यांच्या अवतीभोंवतीं कामगारांच्या चाळी उठल्या, आणि तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं गांवाच्या पूर्वेकडील पेठा मागांच्या खडखडाटानें भरून टाकल्या. या सर्व विस्तारांत एक गोष्ट समान होती. काम आधीं आलें आणि माणूस कामाच्या पाठोपाठ राहावयास आला. घरून भोंगा ऐकूं येई इतकें अंतर असे.

आतांचा विस्तार निराळ्या तऱ्हेचा आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९२ सालीं बाळें, केगांव, देगांव, सोरेगांव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी, दहिटणें इत्यादि गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत घेतलीं गेलीं, आणि सुमारें ३३ चौरस किलोमीटरचें शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचें झालें. हद्द पांचपटींहून अधिक वाढली. नळ, गटार, दिवे आणि बस हीं मात्र हद्दीच्या रेषेबरोबर धांवत जात नसतात. तेव्हां आजच्या उपनगरांत माणूस जातो तो कामासाठीं नव्हे, भूखंडासाठीं. काम, शाळा, देऊळ, दवाखाना हीं ज्याचीं त्यानें रोज गांठावयाचीं असतात. म्हणून घर पाहण्यापूर्वीं घरांतील सहा माणसांच्या सहा फेऱ्या कागदावर मांडणें हें पहिलें काम होय, आणि त्यांत मिळवत्या माणसाची फेरी सर्वांत शेवटीं मांडावी. त्याच्याजवळ वाहन असतें. वाहन चालवितां न येणाऱ्या माणसाची फेरी ही खरी कसोटी.

या कुटुंबापुढें दिशा चार आहेत. सर्वांचा ओढा विजापूर रस्त्याकडे, म्हणजे जुळे सोलापूर आणि सैफुलकडे. रुंद रस्ते, आखीव भूखंड, शाळा, दवाखाने आणि शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकर यांचा शेजार. सुनेचें मन तेथेंच आहे. अर्थात् जें सर्वांना हवें असतें त्याची किंमत सर्वांनीं मिळून वाढविलेली असते. नव्या पेठेपासून अंतर पांच-सहा किलोमीटर. होटगी रस्त्याच्या बाजूस विमानतळ आहे, आणि विमानतळाच्या शेजाऱ्याला आपल्या इमारतीची उंची आपल्या मर्जीनें ठरवितां येत नाहीं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी या कारणावरून वर्षानुवर्षें वादांत राहिली आणि अखेर १५ जून २०२३ रोजीं पाडली गेली. एवढ्या मोठ्या सहकारी कारखान्याची जेथें ही गत, तेथें दोन मजले वाढवूं म्हणणाऱ्या गृहस्थानें आधीं चौकशी करणें शहाणपणाचें. पुणें रस्त्याकडे केगांवला २००४ मध्यें विद्यापीठ स्थापन झालें आणि त्या दिशेस चलनवलन वाढलें. नातीला ती बाजू सोयीची, इतरांना लांब. अक्कलकोट रस्ता धाकट्याच्या नोकरीजवळ, परंतु औद्योगिक वसाहतीचा शेजार सर्वांनाच मानवतो असें नाहीं. हैदराबाद आणि तुळजापूर रस्त्यांकडे जमीन त्या मानानें स्वस्त; तेथें ओळखीचें कोणी असेल तर जावें, नसेल तर घाई करूं नये.

या सर्व दिशांना पुरून उरणारा प्रश्न पाण्याचा आहे, आणि सोलापुरांत घर घेणाऱ्यानें बाकीच्या सर्व गोष्टींना मिळून जेवढा वेळ द्यावा तेवढा या एकट्या गोष्टीला द्यावा. शहराला पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून येतें. पहिलें एकरुख तलावाचें, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात. आदिला ओढ्यावर बांध घालून १८७१ मध्यें तो पुरा झाला, आणि त्याचें पाणी भवानी पेठेंत शुद्ध होतें. दुसरें भीमेवरील टाकळीचें; तें सोरेगांवच्या केंद्रांत येतें. तिसरें १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणांतून. शंभर किलोमीटरांहून लांब जलवाहिनीनें तें पाकणीस येऊन शुद्ध होतें. टाकळीचें पाणी औजच्या बंधाऱ्यावर अवलंबून, आणि उन्हाळ्यांत बंधारा खालीं गेला म्हणजे उजनींतून नदींत पाणी सुटण्याची वाट पाहावी लागते. इतकीं तीन दारें असूनहि नळाला रोज पाणी येणें या शहराला कित्येक वर्षें ठाऊक नाहीं. तीन, चार, प्रसंगीं पांच दिवसांनीं येणाऱ्या पाण्यावर घरें चालतात. पाहुण्याला बोलवावयाचें तर तिथि पाहण्यापूर्वीं पाण्याचा वार पाहणारीं घरें सोलापुरांत पुष्कळ सांपडतील.

येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. शहरांतील माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतें असें नगररचनेंत धरलें जातें. सहा माणसांचें दिवसाचें ८१० लिटर झालें. पाणी चौथ्या दिवशीं येणार असेल, तर एका खेपेस ३,२४० लिटर साठविलें पाहिजे, आणि एखादी खेप चुकली तर त्याच्या दुप्पट. म्हणजे जमिनींत निदान साडेतीन हजार लिटरांचा हौद, वर गच्चीवर टाकी, आणि दोहोंमध्यें विजेचा पंप. जाहिरातींत ‘मुबलक पाणी’ असें छापलेलें असतें. त्या दोन शब्दांच्या जागीं हौदाचें माप विचारावें. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींत बिऱ्हाडें किती आणि सामाईक हौद केवढा याचा भागाकार करावा. पुष्कळदां भागाकारानंतर माणूस जिना उतरतो. कूपनलिका आहे असें सांगितलें तर ती मे महिन्यांत चालते काय, आणि तिच्या पाण्यांत डाळ शिजते काय, हे दोन प्रश्न विचारावेत. दुसरा प्रश्न हास्यास्पद वाटला तरी तो स्वयंपाक करणारणीनें जरूर विचारावा, कारण जड पाण्याची परीक्षा डाळीइतकी प्रामाणिकपणें दुसरें कोणी करीत नाहीं.

आणि हे प्रश्न विकणाराला विचारूं नयेत. ज्या गल्लींत जागा पाहिली, त्या गल्लींतील तिसऱ्या-चौथ्या घरांतील गृहिणीला विचारावेत. तिला खोटें बोलण्याचें कारण नसतें. उलट, पाण्याविषयींची तिची कैफियत ऐकून घेणारा माणूस तिला फार दिवसांनीं भेटलेला असतो.

पाण्याची दुसरी बाजू पावसाळ्यांत दिसते. या जिल्ह्यांत पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे थोडाच. परंतु जो पडतो तो पुष्कळदां एकदम पडतो. उन्हाळ्यांत सपाट आणि कोरडा दिसणारा भूखंड हा जुन्या ओढ्याचा बुजविलेला काठ असूं शकतो. एकरुख तलाव भरून वाहूं लागला, कीं आदिलेला आपली वाट आठवते. मध्यें कोणी घरें बांधलीं आहेत हें तिला सांगून उपयोग नसतो. म्हणून भूखंड एकदां उन्हाळ्यांत आणि एकदां मोठ्या सरीनंतर पाहावा. काळ्या मातीचेंहि तसेंच. ती पावसांत फुगते, उन्हांत आकसते, आणि तिच्यावर उथळ पायानें उभी केलेली भिंत दोन-चार वर्षांत तिरकी भेगाळते. इंजिनियरला विचारण्यापूर्वीं शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंती पाहून घ्याव्यात. त्या फुकट साक्ष देतात. जेथें पाया मुरमापर्यंत गेला आहे, तेथें भिंत सरळ उभी असते.

उन्हाळा हा या शहराचा आणखी एक बोलका साक्षीदार. मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. माळवदाच्या घराची पांढऱ्या मातीची जाड धाबी ऊन आंत येऊं देत नाहीं आणि रात्रीं वर अंथरूण टाकतां येतें. सिमेंटची गच्ची मात्र दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर तें खालच्या खोलींत सोडते. पेठेंतून आलेल्या माणसाला नव्या घरांतील पहिला उन्हाळा म्हणून फार जड जातो. वरच्या मजल्यावरील, पश्चिमेकडे खिडक्या असलेली जागा स्वस्त मिळाली तर ती कां स्वस्त आहे हें एप्रिलच्या दुपारीं चार वाजतां त्या खोलींत अर्धा तास बसून समजतें. जागा दाखविणारे लोक ती सकाळीं दाखवितात, यांत त्यांचा दोष नाहीं. धंदाच तो आहे.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत. सात-बाराचा उतारा किंवा मिळकतपत्रिका, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा या तीन गोष्टी डोळ्यांनीं पाहिल्यावांचून विसार देऊं नये. शहराच्या कडेला शेतजमिनीचे गुंठे पाडून विकण्याची रीत जुनी आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. अशा जागा नियमित करण्यासाठीं राज्यांत २००१ मध्यें गुंठेवारीचा कायदा झाला, आणि पुढें २०२१ मधील दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याची सवलत मिळाली. परंतु सवलत मिळूं शकते आणि सवलत मिळालेली आहे, यांत एका कुटुंबाच्या आयुष्याची पुंजी मावेल एवढें अंतर आहे. एकाच उताऱ्यावर दहा अनोळखी नांवें असतील, तर त्यांतलें अकरावें होण्याची हौस धरूं नये.

आतां अंतराचा प्रश्न. इटलीचे शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनीं १९९४ मध्यें असें दाखविण्याचा प्रयत्न केला, कीं पायीं चालणारा असो वा मोटारींतून जाणारा असो, माणूस दिवसाकाठीं सुमारें एक तासच प्रवासांत घालवीत आला आहे. वाहन वेगवान झालें म्हणजे वेळ वांचत नाहीं, घर लांब जातें. अर्थशास्त्रज्ञ अलोइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनीं जर्मनींतील कुटुंबांची माहिती तपासून २००८ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. रोज लांबून कामाला जाणारीं माणसें आपल्या आयुष्याविषयीं कमी समाधानी आढळलीं, मोठें घर किंवा जास्त पगार मिळूनहि, असा त्याचा निष्कर्ष. सोलापूर हें कांहीं मुंबई नव्हे. येथें लांब म्हटलें तरी अर्ध्या तासाचें. पण आईच्या बाबतींत हिशेबच वेगळा आहे. पेठेंत ती रोज सकाळीं देवळापर्यंत चालत जाते, वाटेंत चौघीजणी भेटतात, त्यांतल्या एकीशीं ती कानडींत बोलते आणि एकीशीं मोडक्या तेलुगूंत. सहा किलोमीटर दूर गेल्यावर हें सर्व ‘रिक्षानें नेऊन आणूं’ या एका वाक्यांत गुंडाळलें जातें. पहिल्या महिन्यांत चार वेळां नेलें जातें, दुसऱ्यांत दोनदां, आणि पुढें गड्ड्याच्या यात्रेला.

अंतराचा हा हिशेब विडी वळणाऱ्या स्त्रियांना शिकवावा लागत नाहीं. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथें गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें विडी कामगार महिलांची सहकारी वसाहत उभी राहिली. तिच्यांतील १०,००० घरें १ सप्टेंबर २००६ रोजीं तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें देण्यांत आलीं. त्याच परिसरांत पुढें ३०,००० घरांची रे नगर योजना आली, आणि तिच्यांतील १५,००० घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें दिलीं गेलीं. भाड्याच्या अंधाऱ्या खोलींतून स्वतःच्या नांवावरील घरांत जाणें ही केवढी गोष्ट आहे, हें सांगावयास नको. परंतु विडी कामगार स्त्री पान आणि तंबाखू कारखान्याच्या शाखेंतून आणते, घरीं विड्या वळते आणि मोजून परत देते. शाखा जवळ असेल तर घर परवडतें. लांब असेल तर रिक्षाचें भाडें मजुरींतून कापलें जातें. पक्कें घर आणि रोजची भाकरी यांमधील अंतर तिला पैशांत दिसतें. सुशिक्षित कुटुंबांत हेंच अंतर पगाराच्या आड लपतें, आणि तें घरांत बसून असलेल्या माणसाच्या वांट्याला जातें.

वस्ती रुजते ती कशानें, याचें उदाहरण मुंबईंत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें तेथें सुधारणा मंडळ स्थापन झालें, आणि पुढें त्याच्या योजनेंतून दादर-माटुंग्याची वस्ती आंखली गेली. गिरगांवांतील मराठी कुटुंबें तिकडे गेलीं तीं हळूहळू, आणि शाळा, ग्रंथालय, भाजीबाजार, आगगाडीचें स्टेशन हीं पायांच्या टप्प्यांत आल्यावर तीं तेथें रमलीं. सोलापुरांतील नव्या वस्त्यांतहि हीच पाहणी उपयोगी पडते. सायंकाळीं सहा वाजतां त्या रस्त्यावर म्हातारीं माणसें आणि लहान मुलें पायीं हिंडतांना दिसतात काय? कोपऱ्यावर वाणी आहे काय? बस येते असें म्हणतात, तर थांब्यावर उभें राहून ती खरोखर केव्हां येते तें एकदां घड्याळ लावून पाहावें. आणि रात्रीं दवाखान्याची गाडी दारापर्यंत येते काय, हें तर या कुटुंबानें विसरूं नयेच; त्याचसाठीं तें निघालें आहे.

एवढी पाहणी करून कुटुंबाला दोन निर्णय करतां येतात. पहिला असा, कीं आरंभीं विकत न घेतां त्याच भागांत भाड्यानें राहून पाहावें. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तो जूनमध्यें केला तर नेमका मे महिना हातचा जातो. जुलैमध्यें करावा, म्हणजे पाऊस आणि उन्हाळा दोन्ही त्यांत बसतात. दुसरा असा, कीं फार दक्षिणेस न जातां सात रस्त्यापासून विजापूर नाक्यापर्यंतच्या पट्ट्यांत जागा शोधावी. येथें भूखंड लहान, इमारती जुन्या, दर चढे. सैफुलला जेवढ्या पैशांत तीन खोल्या येतात तेवढ्यांत येथें दोन येतील. नातवाला स्वतंत्र खोली मिळणार नाहीं, आणि तो कुरकुरेल. पण सिद्धेश्वराचें देऊळ रिक्षाच्या थोड्या भाड्याच्या अंतरावर राहतें, आणि नवी पेठ दोहोंच्या मध्यें.

पेठेंतील घराचें काय करावयाचें हा प्रश्न वाटणीबरोबर सुटेल. तोंवर खालची एक खोली आपल्याकडे राखून ठेवावी असें आईचें म्हणणें. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, त्या वेळीं पेठेंत आपलें म्हणून एक दार असावें, एवढीच तिची अट.

भाड्याची जागा पाहावयास जातांना या खेपेस तिला पुढच्या आसनावर बसविलें जातें. मुलगा खोल्यांचीं मापें घेतो, सून स्वयंपाकघरांतील ओटा पाहते. आई आंत येतच नाहीं. ती शेजारच्या दारांत जाऊन उभी राहते. तेथें एक बाई तांदूळ निवडीत बसलेली असते.

“काय गं बाई, पाणी कितव्या दिवशी येतं?”

“चौथ्या, आजी. कधी पाचव्या. रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं.”

“मग तू उठतेस तेव्हां आमच्या दाराची कडी वाजवशील का?”

बाई हातांतलें सूप खालीं ठेवते आणि म्हणते, “वाजवीन की. आधी आत या, बसा.”